कोपर घालून बघ

गेल्या सुगीत, कापणीच्या सणाला, मी एक दुधी भोपळा १,८०० रुपयांना घेतला. दिसायला झकास होता, आतून निबर निघाला. बायकोने बिया उपसून टाकल्या, उरलेल्याची कशीबशी भाजी केली आणि ताटात वाढताना म्हणाली, "सावकाश खा. एकेक घास पन्नास रुपयांचा आहे."

ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बेळगावच्या पश्चिमेकडे भाताची मळणी आटोपली की एका रविवारी आमची ख्रिस्ती मंडळी शेतातलं पहिलं पीक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणतात. वेदीसमोर नव्या भाताच्या पेंढ्या, रताळ्यांचे ढीग, ऊस, नारळ, आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी, जी पाळकसाहेबांचा उपदेश ऐन रंगात आला की हमखास ओरडते. उपासना संपली की बाहेर मांडवात या सगळ्याचा लिलाव होतो. पुकारणारे आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ "एक वार, दोन वार" म्हणतात आणि कन्नड उपासनेच्या लोकांसाठी लगेच "ओंदु सारी, एरडु सारी" जोडतात. दुध्याची बोली ४० रुपयांवर सुरू झाली. समोर मंडळीतलाच एक कंत्राटदार उभा होता. त्याने हात वर केला की मी करायचो. ५०० वर लोक हसले, १,००० वर टाळ्या पडल्या, १,८०० वर त्याने हात जोडले. मी मंडळीचा खजिनदार असल्यामुळे पावती मीच फाडली, माझ्याच नावाने.

घरी येताना बायकोने विचारलं, "दान देवाला दिलं, की त्या कंत्राटदाराला दाखवलं?"

पैसा वाया गेला नाही. लिलावाची रक्कम आम्ही गरजू मुलांच्या फीला लावतो, ती जूनमध्ये भरलीही. प्रश्न पैशाचा नव्हताच. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. जमा आणि नावे यांपलीकडे जगात तिसरी बाजू नसते, अशी सवय हाडात मुरली आहे. मंडळीचं काम, आजाऱ्यांच्या भेटी, संडे स्कूलच्या सहली, सगळं मी इतकी वर्षं मनातल्या मनात जमेच्या बाजूला लिहीत आलो. कुणी विचारलं तर सांगायचो, "प्रभूची सेवा." खरं तर ते वाक्य इतकं सपाट झालंय की त्याखाली काहीही लपवता येतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जे झालं ते मात्र मला कुठल्याच बाजूला लिहिता आलेलं नाही.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्या नद्या एकदम उलटल्या. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, तिकडे चिकोडीकडे कृष्णा. शहरातसुद्धा जुन्या मातीच्या भिंती बसल्या. आम्ही देवळाच्या हॉलमध्ये किट भरत बसलो होतो: ५ किलो तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, चटणी, मेणबत्त्या, काडेपेटी, एक चादर. कामाला वेग होता, पण त्याचं कारण सांगायला थोडी लाज वाटते. आमच्याकडे सकाळी मराठी उपासना, मग कन्नड. गुरुवारी कन्नड मंडळींचा टेंपो निघाला अशी बातमी आली आणि रात्री फोनाफोनी सुरू झाली. "आपण मागं राहायचं नाही." १४० किट ठरले होते, शनिवारपर्यंत २२० झाले. या जिल्ह्यात भाषेची चढाओढ कुठे शिरत नाही? दुकानाच्या पाटीवर आहे, बसच्या बोर्डावर आहे, २०१४ साली बेळगावचं बेळगावी झाल्यापासून गावाच्या नावातच आहे. मदतीच्या पोत्यात शिरली तर नवल काय.

आमचा टेंपो खानापूर तालुक्यातल्या एका गावी गेला. शाळेच्या वर्गात माणसं राहिली होती. बाकं भिंतीला लावलेली, दोरीवर ओली लुगडी. आमच्याबरोबर बॅनर होता. बॅनर धरायला दोन तरुण, फोटो काढायला एक, आणि किट द्यायला मी. एक म्हातारी पुढे आली. तिने दोन्ही हातांनी पिशवी धरली. मीही धरली होती. फोटो काढणारा म्हणाला, "आजी, जरा इकडं बघा की." तिने पदर डोळ्यांवर ओढला. तो पुन्हा म्हणाला. मग तिने पदर बाजूला करून कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि नंतर माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात विचारलं, "झालं का? आता सोडतासा का?"

तोवर मला कळलंच नव्हतं की पिशवी मी अजून सोडलेली नाही.

त्या रात्री मी तो फोटो किती जणांना आवडला हे बघायला तीन वेळा मोबाइल उघडला. तिसऱ्या वेळी आकडा तिचा होता की माझा, असा एक विचार येऊन गेला. मी मोबाइल पालथा ठेवून झोपलो.

पुढे दोन वर्षांनी सेवेच्या हेतूवर थेट आमच्या गावातच चर्चा झाली. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. २३ डिसेंबर २०२१ ला, नाताळच्या तोंडावर, धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला, २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने तो मागे घ्यायचं ठरवलं. राजकारणात मला पडायचं नाही. माझ्या मनात अडकून राहिला तो त्यातला एक शब्द: आमिष. त्याच्या व्याख्येत भेटवस्तू होती, पैसा होता, नोकरी होती, धर्मसंस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणही होतं. त्या आठवड्यात आम्ही नाताळचे कपडे वाटले तेव्हा मुलांच्या मापाचे शर्ट घड्या घालताना हातच बिचकत होते.

बँकेतले माझे एक जुने सहकारी आहेत. कॅम्पात एका हॉटेलात आम्ही अजूनही चहाला भेटतो. त्यांनी विचारलं, "राग मानू नका, खरं तुमच्या लोकांचा हेतू काय असतो ओ?" मला राग आलाच. मी यादी सुरू केली. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले, १८३२ मध्ये शाळा सुरू झाली, त्या शाळेत कोणकोण शिकलं. डॉ. वान्लेस १८८९ साली भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेला त्यांचं इस्पितळ उभं राहिलं. "तुमच्या आईचं ऑपरेशन कुठं झालं? रेल्वेत बसून मिरजेलाच नेलंत ना?" ते शांतपणे बशीतला चहा संपवून म्हणाले, "ते मी कुठं नाकारतोय? मी हेतू विचारला. तुम्ही यादी दिलीत."

त्यांच्या या वाक्यावर मी कितीतरी रात्री घालवल्या. हा प्रश्न काही आजचा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाबद्दल पुण्यात हाच वाद पेटला आणि १८९३ साली रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. विधवांना शिकवताय, पण कशासाठी? पुढच्या दुष्काळात त्याच बाईंनी शेकडो मुली केडगावला आणून सांभाळल्या. त्यांच्या मनात काय होतं याचा निकाल आजही लोक आपापल्या बाजूने देतात. मुली मात्र जगल्या.

आमच्या घराचीही गोष्ट अशीच आहे आणि ती आम्ही चारचौघांत फार सांगत नाही. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात माझे पणजोबा, आठ-नऊ वर्षांचं पोर, मिशनच्या दारात आले. देव शोधत आले नव्हते. पेज मिळते असं कुणीतरी सांगितलं होतं. पुढे तेच रविवारी बाजाच्या पेटीवर भजनं गात, ही नंतरची गोष्ट. म्हणजे देणाऱ्याचा हेतू तपासायला बसलो तर घेणाऱ्याचाही तपासावा लागेल, आणि तसं केलं तर माझं आडनाव लावायलाच मी उरत नाही. पेज वाढणाऱ्या बाईच्या मनात त्या दिवशी दया होती, की वार्षिक अहवालात लिहायचा आकडा होता? कुणास ठाऊक. दोन्ही असतील. पेज गरम होती एवढं घरात सांगत आले आहेत.

हे सगळं डोक्यात घेऊन एका दुपारी मी मावशीकडे गेलो.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या मिशन कंपाउंडात तिला सगळे मावशीच म्हणतात, तिचा मुलगासुद्धा. वय ऐंशीच्या पुढे. तिने एकतीस वर्षं हिंडलग्याच्या कुष्ठरोग इस्पितळात ड्रेसिंगचं काम केलं. देवळात सेवेवर उपदेश असला की पाळक, कुणीही असोत, तिचं उदाहरण देतात, आणि ती तिसऱ्या बाकावर डोळे मिटून बसते. झोपलेली असते असं तीच सांगते.

मी विचारलं, "मावशी, तू त्या कामाला गेलीस कशी? हाक आली म्हणून?"

"कसली हाक?" ती म्हणाली. "नवरा गेला. दोन पोरं पदरात. मिशनच्या बाईनं विचारलं, हिंडलग्यात जागा आहे, जातीस का? मी विचारलं, पगार किती."

पहिला महिनाभर रोज घरी येऊन ती ओकायची. वास केसांत बसायचा. माणसं खेड्यातली, शेतातली. तळपायाला काहीच कळत नसे, त्यामुळे खिळा घुसला तरी पत्ता नाही, चुलीपाशी बसून पाय भाजला तरी पत्ता नाही. जखम हाडापर्यंत गेल्यावर यायची. पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे दगडाने घासायचे, ओल्या कातडीवर तेल चोळायचं, पट्टी बांधायची, मऊ रबराच्या चपला घालायला लावायच्या. आधी डॅप्सोनच्या गोळ्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या. १९८२ नंतर बहुविध औषधांचं पाकीट निघालं आणि हळूहळू लोक बरे होऊन जायला लागले. खरं, मेलेली नस काही परत येत नाही. औषध संपलं तरी पाय तसेच. म्हणून मावशीचं काम संपलं नाही.

तिला संत करायला मी निघालेलो नाही, ती होऊही देणार नाही. जिभेची तिखट. चपला न घालता शेतात गेलेल्या एका बापड्याला तिने सगळ्यांसमोर इतकं झोडलं होतं की तो दोन आठवडे आलाच नाही. तिचे आवडते रोगी होते आणि नावडतेही. पगारवाढीसाठी ती भांडली आहे, आणि मिळालीही. आमच्याकडे एक समज आहे की पैसा सुटला की हेतू शुद्ध होतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. त्यांना ते शोभलं, कारण त्यांच्याजवळ सोडून देण्यासारखं पुष्कळ होतं. पण मी बिनपगारी खजिनदार आहे आणि दुध्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. पगार नसला की माणूस वेगळ्या नाण्यात वसुली करतो.

"मग पुढं तरी हेतू बदलला असेल ना?" मी चिकाटी सोडली नाही. "इतकी वर्षं केलंस ते काय नुसतं पगारासाठी?"

ती हसली. "सकाळी साडेसातला सत्तर पाय रांगेत असायचे रे बाळ. हेतू बघत बसायला वेळ कुणाला होता?"

मग तिला काहीतरी आठवलं आणि ती पुन्हा हसायला लागली. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या दिवशी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून एका वर्षी पाळकसाहेबांनी देवळात बारा जणांचे पाय धुतले होते. "सगळ्यांनी घरातून साबणानं धुऊन, पावडर लावून आणलेले पाय," मावशी म्हणाली. "आमच्याकडं बाबा रोजच गुरुवार."

मी घरी येऊन शास्त्र उघडलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या बाजूने काही सापडतं का ते बघायला. पहिल्यांदा सापडला तो येशूचा शिष्य यहूदा, पुढे त्याला धरून देणारा. बेथानीत मरीयेने महागडं सुगंधी तेल येशूच्या पायांवर ओतलं तेव्हा "हे विकून गरिबांना का दिलं नाही?" असं तोच म्हणाला, आणि योहान लगेच खुलासा करतो की गरिबांची काळजी त्याला नव्हती, थैली त्याच्याकडे असायची. म्हणजे माझ्याच हुद्द्याचा माणूस. पान उलटलं.

प्रेषित पौलाने मात्र दिलासा दिला. बेडीत असताना फिलिप्पै गावच्या मंडळीला तो लिहितो की काही जण हेव्याने आणि चढाओढीने ख्रिस्ताची घोषणा करतात, मला त्रास व्हावा म्हणूनसुद्धा करतात. असो, कशाने का होईना, घोषणा होते ना, मला आनंद आहे. वाचून मला एकदम आमचे १४० चे २२० झालेले किट आठवले. ईर्षेने पाठवलेला तांदूळही शिजतोच. बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटत राहिलं. मग त्या आजीचा पदर आठवला. पौल बेडीत बसून आपल्यापुरतं मन मोठं करू शकतो; तिला कुणी विचारलं होतं का? तांदूळ शिजला, पण तो हातात येईपर्यंत तिला माझ्याकडून जे घ्यावं लागलं तेही तिच्या पोटात गेलं असणार.

मग मत्तयाचा पंचविसावा अध्याय. हा मी शंभर वेळा ऐकला आहे, दोनदा त्यावर बोललोही आहे. न्यायाच्या दिवशी राजा लोकांना उजवीकडे आणि डावीकडे वेगळं करतो आणि उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं. उजवीकडचे गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही केव्हा दिलं? आजवर मी यातून नम्रता शिकवत आलो. या वेळी खजिनदाराच्या डोळ्यांनी वाचलं आणि लक्षात आलं की डावीकडचेही अगदी तेच विचारतात: प्रभू, केव्हा? आम्ही केव्हा तुला भुकेला पाहिलं आणि दिलं नाही? दोन्ही बाजूंना एकच प्रश्न, एकाच शब्दात. रजिस्टर कुणाजवळच नाही. उजवीकडच्यांना काही आठवत नाही, मावशीला सत्तर पायांपलीकडे काही आठवत नाही तसं. आणि माझ्यापाशी तर तारीखवार फोटो आहेत.

तेव्हापासून मी हेतू आत शोधायचं जवळजवळ सोडून दिलं आहे. आत हात घातला की काहीतरी हाताला लागतंच, आणि ते बहुतेक वेळा मला हवं तेच असतं. समोरच्याला मात्र चटकन लागतो आपला हेतू. पिशवी आपण सोडली की धरून ठेवली, एवढं त्या आजीला माझ्याआधी कळलं होतं.

गेल्या पावसाळ्यात मावशीला साखरेने गाठलं. तशी ती आधीपासून होती म्हणे, तिनेच लक्ष दिलं नव्हतं. पायाच्या नसा सुन्न झाल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या न कळणाऱ्या पायांना शिव्या घातल्या आणि आता स्वतःचे तसेच. एक मुलगा पुण्याला, एक गोव्याला. मंगळवारी नर्स येते. बाकीच्या दिवशी कुणीतरी जायला हवं होतं. महिला मंडळाने वाटणी केली आणि शनिवार उरला. बायको म्हणाली, "तुम्ही जावा. रिकामेच असता."

अशा रीतीने, हाक वगैरे न येता, मी गेलो. मोबाइल स्कूटरच्या डिकीत ठेवला. (आणि आता हे सगळं इथे लिहितोय, म्हणजे डिकीतून काढलाच म्हणायचा. पुढे चला.)

मी बंबातलं पाणी घमेल्यात ओतलं, स्टूल ओढलं, मावशीचा पाय उचलून पाण्यात सोडणार एवढ्यात तिने माझ्या खांद्यावर चापट मारली.

"थांब! बघितलास का आधी?"

"काय?"

"पाणी. मला काय कळतंय का? उकळून काढशील."

मी बोटं बुडवून पाहिली. "बरंय की."

"हाताचा भरवसा नको. हात निबर असतो. कोपर घालून बघ."

मी बाही वर केली आणि वाकून कोपर घातलं. चटका बसला. तिच्या चेहऱ्यावर मला अपेक्षित होतं ते समाधान दिसलं. बादलीतलं गार पाणी दोन तांबे घातलं, पुन्हा कोपर. अजून ऊन होतं. आणखी एक तांब्या.

"आता?"

"आता कोमट."

तिने पाय सोडला. हलका होता, टाच चिरलेली, करंगळीचं नख काळं पडलेलं. मी साबण लावला. ती वरून सूचना देत होती, जोरात घासू नकोस, तिथं नको, घोट्याच्या मागं. बाहेर रस्त्यावरून वेंगुर्ल्याची बस गेली, खिडकीची काच हलली. मी पाय टॉवेलावर घेतला, पुसला, तेलाची बाटली उघडली.

"आधी बोटांच्या बेचक्या कोरड्या कर," मावशी म्हणाली. "सगळे तीच विसरतात."